तळ्यात सोडलेला माल

आमच्या तळ्यात सफाईचे मासे सोडणाऱ्या माणसाने मला फसवले, आणि माझ्या हातून त्याने माझ्या थोरल्या बहिणीला फसवले. हे आधीच सरळ सांगून टाकतो, कारण पुढे मी कुमुदांविषयी आणि बदकांविषयी लिहिणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल की वय झालेला एक माणूस खिडकीत बसून हळवा झाला आहे. मी हळवा झालेलो नाही. मला किळस आली आहे. सकाळी खिडकी उघडली की वाऱ्याबरोबर जो वास घरात शिरतो त्याला चिखलाचा वास म्हणणे हा चिखलाचा अपमान आहे. चिखलाला वास असतो तो भिजलेल्या मातीचा, कुजत्या पानांचा, खेकड्यांच्या बिळांचा, आणि तो अंगावर घेऊनच मी लहानाचा मोठा झालो. हा वास निराळा आहे. मासळीबाजारात शेवटचे गिऱ्हाईक निघून गेल्यावर फळ्यांखाली जे पाणी साचते ते भर उन्हात तापावे आणि त्यात कुणीतरी ओले गोणपाट बुडवून विसरून जावे, तसा हा वास आहे. तो चहात उतरतो, पडद्यांत राहतो, आणि दुपारी जेवताना पहिला घास तोंडाशी नेताना हटकून आठवतो.

डोंबिवलीच्या पश्चिमेला एक रस्ता खाडीकडे उतरत जातो. त्याच्या एका अंगाला आमचे जुने गाव, दुसऱ्या अंगाला आता उभ्या राहिलेल्या इमारती, ज्यांतल्या एकीत मी राहतो, आणि मधोमध हे तळे. पलीकडे तिवरांची काळपट हिरवी रांग, तिच्यामागे खाडीचे भरती-ओहोटीचे खारे पाणी, आणि अलीकडे, मातीच्या एका जुन्या बांधाने राखलेले, हे गोडे पाणी. लहानपणी मला या गोष्टीचे नवल वाटत असे की चार पावलांच्या अंतरावर दोन पाणी असतात आणि दोघांचे मासे, दोघांची झाडे, दोघांचे पक्षी वेगवेगळे असतात, जणू बांधावरून माणसांखेरीज कुणालाच ये-जा करायची गरज पडत नाही.

भाद्रपदात तळ्याचा उथळ काठ कुमुदांनी पांढरा होत असे, आणि त्या गोल पसरलेल्या पानांवरून कमळपक्षी आपली लांबलचक बोटे टाकत असा चाले की पाणी आहे की जमीन, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नसावा. काठाच्या दलदलीत नाळीची भाजी माजे. तिचे पोकळ देठ, फिकट जांभळी फुले, आणि खुडताना होणारा तो ओला, कुरकुरीत आवाज. पाणकणसांच्या दाटीत जांभळ्या पाणकोंबड्या सासू-सुनांसारख्या दिवसभर कुरबुरत. आणि दिवाळीनंतर, उन्हाला पातळ सोनेरी रंग येऊ लागला की, हळदीकुंकू बदकांची संख्या एकदम वाढे. ज्याने त्यांना हे नाव दिले त्याला मी मानतो. काळी चोच, टोकाला हळदीचा पिवळा ठिपका, मुळाशी कुंकवाची दोन तांबडी बोटे. सकाळच्या धुक्यातून ती जोडीने पाण्यावर उतरली की एखाद्या घरी सवाष्णी आल्यासारखे वाटे.

मरळ मात्र वरून दिसत नसे. पाणवनस्पतींच्या सावलीत ती आपले घरटे राखी, आणि पिल्ले फुटली की पाण्यावर तांबूस ठिपक्यांचा एक जिवंत गोळा थरथरत फिरे, खाली आई. त्या दिवसांत गावातले कुणी मरळीला जाळे टाकत नसे. असा नियम कुणी केला नव्हता. फक्त टाकणाऱ्याकडे चार बायका अशा बघत की पुन्हा त्याची छाती होत नसे.

थोरल्या बहिणीला आमच्याकडे बाय म्हणतात. माझी बाय खडवलीला दिली होती, नदीकाठच्या घरात, आणि गोड्या पाण्यात जाळे टाकायला ती तिथेच शिकली. नवरा गेला, दीर-जावांनी घराचा कोपरा दाखवला, आणि ती एक ट्रंक आणि एक जाळे घेऊन माहेरी परत आली. तोवर मी वागळे इस्टेटमध्ये दुसऱ्याच्या लेथवर उभा राहून, मग भाड्याच्या लेथवर, मग स्वतःच्या, पितळी नळांचे भाग करून बऱ्यापैकी माणूस झालो होतो. मी तिला म्हटले, वर राहायला चल. ती आली नाही. गावातल्या जुन्या घराच्या ओटीवर तिने चूल मांडली, पहाटे तळ्याच्या पायरीवरून पाण्यात उतरू लागली, आणि जे मिळेल ते पाटीत घालून नाक्यावर विकायला बसू लागली. मी पाठवलेले धान्य ती घेई, पण त्याच आठवड्यात माझ्या दारात केळीच्या पानात गुंडाळलेली एखादी मरळ किंवा वाम येऊन पडे. हिशेब फिटला, असे तिने तोंडाने कधी म्हटले नाही. मी आयुष्यभर सौदे केले. बायशी मात्र मला कधी सौदा करता आला नाही, कारण माझ्याकडून तिला हवे असे काहीच नव्हते.

तळे हिरवे होऊ लागले ते इमारती भरल्यानंतर. पाणी का हिरवे होते याचे कारण प्रत्येकाच्या न्हाणीघरातून निघून तळ्यातच संपत होते, पण बैठकीत त्याचा विषय निघाला की सगळ्यांना एकदम आपापल्या मुलांच्या परीक्षा आठवत. शेवाळ दिसत होते, म्हणून शेवाळ काढायचे ठरले. गावचे काही आणि इमारतींतले काही मिळून समिती झाली, आणि बोलणी करायला मला पुढे घातले, कारण या परिसरात माझी घासाघीस प्रसिद्ध आहे. मी दर पाडायला बसलो की समोरचा माणूस आधी हसतो, मग घाम पुसतो, मग घरच्या अडचणी सांगतो, आणि उठताना मी वर आणखी काहीतरी मागून घेतोच. भाजीवर कोथिंबीर, कापडावर अस्तर, रंगाच्या डब्यांवर ब्रश. वर काही घातल्याशिवाय घेतलेली वस्तू मला पूर्ण वाटत नाही.

सफाईचे मासे विकणारा तो माणूस आला तो पांढऱ्या सदऱ्यात, मृदू आवाजाचा. आम्ही त्याला सर म्हणू लागलो, आणि त्यानेही ते नाकारले नाही. त्याने बैठकीत एक काचेची टाकी आणून ठेवली, आतून शेवाळाने हिरवीगार झालेली, आणि तिच्यात वीतभर लांबीचा एक काळा मासा सोडला. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा जमलो तेव्हा टाकीपलीकडच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचता येत होते. माल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी घेत नाही; हा मी डोळ्यांनी पाहिला. नीट पाहिले असते तर त्याच वेळी अंगावर काटा आला असता. खरबरीत पट्ट्यांचे चिलखत, ठिपक्याठिपक्यांचे पोट, आणि काचेला चिकटलेले ते गोल, मांसल, पांढरट तोंड, जे हलत होते, सतत हलत होते, दात नसलेल्या म्हाताऱ्याने रात्रंदिवस काहीतरी चोखत राहावे तसे. शेजारच्या बाईंनी तोंड फिरवले. मी म्हटले, कामाचा माणूस दिसायला चांगला नसला तरी चालतो. सगळे हसले. सर सर्वांत जास्त हसले.

मग मी नेहमीप्रमाणे बसलो. दर पाडला. तो हसला, आणि हसतच राहिला. घाम पुसला नाही, घरच्या अडचणी काढल्या नाहीत. मी म्हटले, मेलेला मासा बदलून द्यायचा. तो म्हणाला, लिहून देतो. मी म्हटले, ठरलेल्या पिंपांवर आणखी दोन पिंपे वर घालायची. तो म्हणाला, तुम्ही मागितलीत तर नाही कसे म्हणू? त्या संध्याकाळी मी घरी फार खुशीत गेलो.

मासे सोडायचा समारंभ झाला. फुलांचे तोरण, गुलाल, नारळ, कुणीतरी आणलेला माइक. निळी पिंपे पायरीवर कलंडली आणि काळा, ओला, खरखरणारा एक ढीग घसरत पाण्यात गेला, टाळ्या वाजल्या. बाय आपली पाटी डोक्यावर घेऊन बाजूला उभी होती, कारण तिची उतरायची पायरी आम्ही अडवली होती.

"हे खायाचे का बगायाचे?" तिने मला विचारले.

मी म्हटले, दोन्ही नाही, हे साफसफाईचे.

"मंग यांना पगार कोन देनार?" ती म्हणाली, आणि आजूबाजूच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसलो. पगार कोण देणार हे मला तेव्हा कळायला हवे होते, असे आता कुणी म्हणेल. म्हणणाऱ्याने पांढऱ्या सदऱ्यातला तो माणूस पाहिलेला नाही.

पहिल्या वर्षी हिरवा रंग खरोखर गेला. दुसऱ्या वर्षी तो गेलेला रंग परत हवासा वाटू लागला. पाणी चहासारखे गढूळ झाले आणि तसेच राहिले, कारण तळाशी कुणीतरी अखंड उकरत होते. बुडत्या पानांचे ते मऊ जंगल, ज्याच्या सावलीत मरळ घरटे करी, ते विरळ होत होत नाहीसे झाले. जुन्या बांधाच्या कडेला या माशांनी पोखरलेली भोके दिसू लागली, ओंजळ मावेल एवढी, आत खोल. बांध चाळणीसारखा झाला आणि एका उधाणाच्या भरतीला खाडीचे खारे पाणी त्यातून झिरपून कुमुदांपर्यंत आले. कुमुदे कडांपासून तपकिरी पडत गेली. त्या दिवाळीनंतर मी रोज सकाळी खिडकीत उभा राहिलो. ऊन तसेच पातळ सोनेरी होते, धुके तसेच होते. हळदीकुंकू बदके एक फेरी घेत, खाली बघत, आणि उतरल्याशिवाय खाडीकडे निघून जात. आमंत्रण दिलेल्या घराला कुलूप पाहून बायका रस्त्यातून परत फिराव्यात, तशी.

बायच्या जाळ्यात आता दुसरे काही येईना. जाळे ओढले की काळ्या चिलखतांचा गुंता, एकमेकांत अडकलेले काटे, फाटलेली जाळी, आणि ती तोंडे, हवेत येऊनही हलणारी. ती त्यांना काठावर फेकी. दुपारचे ऊन डोक्यावर येई, बाय घरी जाई, आणि तरी त्यांतले काही जिवंत असत. कातडी वाळून चामड्यासारखी झालेली, खाली पांढऱ्या अळ्यांची वळवळ, आणि वर ते तोंड हलतेच आहे. कुत्री हुंगून बाजूला होत. कावळे डोळे तेवढे काढून नेत.

एका सकाळी मी खाली गेलो तेव्हा पायरीजवळच्या खांबावर नेहमी पंख सुकवत बसणारा पाणकावळा पायरीवर पडला होता. मान ताणलेली, चोच उघडी, आणि चोचीतून त्या माशाची शेपटी बाहेर. त्याने सवयीने डोक्याकडून गिळायला घेतला होता. घशात गेल्यावर माशाने आपले दोन्ही बाजूंचे काटे ताठ उभे केले असणार. आत जाईना, बाहेर येईना. पक्ष्याचा गळा एका जागी फुगून फाटला होता आणि फटीतून तो काटा दिसत होता. पाणकावळा केव्हाच मेला होता. मासा मेला नव्हता. मी पाहत होतो तोवर शेपटी एकदा, सावकाश, या बाजूची त्या बाजूला झाली. मी तिथेच, तळ्याच्या पायरीवर, ओकलो. पितळेच्या भट्टीसमोर उभा राहून डबा खाल्लेला माणूस आहे मी. मला सहसा असे होत नाही.

त्याच सुमारास एक काटा बायच्या उजव्या हाताच्या बोटात मोडला. तिने हळद भरली, चिंधी बांधली आणि कुणाला सांगितले नाही. नाक्यावर तिच्या पाटीजवळ मला तो वास आला, तळ्याचा नव्हे, बोटाचा. मी तिला जवळजवळ उचलून रिक्षात घातले आणि स्टेशनाजवळच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी चिंधी सोडली तेव्हा नर्सने खिडकी उघडली. बोटाचे वरचे पेर काढावे लागले.  परत आल्यावर घराच्या ओटीवर बायने कोपऱ्यातली पाटी पायाने माझ्याकडे सरकवली. आत सकाळचेच दोन पडले होते.

"तुला सगला वर घातलेला लागतो ना, बाला? घे. खा आता."

मी चिडलो. मला राग लगेच येतो आणि आला की तो बाहेर जाऊन कुणाला तरी गाठतो. मी कल्याणला गेलो, जिथे काचेच्या टाक्या आणि रंगीत मासे विकणारी दुकाने आहेत, आणि एकेका दुकानात शिरून सरांची चौकशी केली. एक दुकानदार मोकळेपणाने हसला. म्हणाला, शेठ, हे मासे लोक लहान असताना नेतात आणि हातभर झाले की परत आणून टाकतात. टाकी फोडतात, दुसऱ्या माशांना चोखतात, मरता मरत नाहीत. गटारात टाकायची सोय नाही, लोक फोटो काढतात. तो माणूस सगळ्यांकडचे फुकट उचलून नेतो, उपकारच आहेत त्याचे. कुठे नेतो ते आम्ही विचारत नाही.

मी दुकानाबाहेर उभा राहिलो. पावभाजीचा, पेट्रोलचा, कुठल्याशा अगरबत्तीचा वास येत होता आणि मला मात्र एकच वास येत होता. जो माल टाकायला जागा नव्हती तो माझ्याकडून दर घेऊन, हार घालून घेऊन, टाळ्यांच्या गजरात माझ्या गावात ओतला गेला होता. आणि वरची दोन पिंपे मागताना मी त्याची उरलीसुरली अडचणही दूर केली होती. आता कळले तो हसत का राहिला. माणसाचा कचरा कुणी घासाघीस करून, जास्तीचा हट्ट धरून नेऊ लागला तर दुसरे काय करणार?

फोन त्याने उचलला. आवाज तसाच मृदू. मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "शेठ, मेला तर बदलून देणार असं ठरलं होतं. एक तरी मेला का?"

मग मी अर्ज केला, तळ्यांचे काम बघणाऱ्या कार्यालयात गेलो. सोबत एक मासा नेला, प्लास्टिकच्या पिशवीत, कारण कागदावर वास येत नाही. टेबलामागच्या तरुण साहेबांनी खुर्ची मागे घेतली आणि रुमाल नाकाला लावून सभ्यपणे विचारले, "काका, तळ्यात मासे सोडलेत ना? मग मासे आहेत. तक्रार नक्की काय आहे?" समितीतले लोक म्हणतात, झाले ते झाले, विषय वाढवू नका. हल्ली तर असे बोलले जाते आहे की तळे मेलेच आहे, तर बुजवून वर बाग करावी, कारंजे बसवावे. कारंज्याला वास नसतो.

बाय आता माझ्याकडे राहते. मीच आणली, बोट बरे होईपर्यंत म्हणून आली आणि बोट बरे होऊन कितीतरी महिने झाले. तिचे जाळे गावच्या परड्यात कारल्याच्या वेलाखाली ताणून बांधले आहे. तिला वेगळी खोली आहे, पंखा आहे, वेळेवर जेवण आहे, आणि जेवताना ती खिडकीकडे पाठ करून बसते. ती काही मागत नाही. तिला आवडते म्हणून माझी बायको बाजारातून मरळ आणते, कुठल्याशा शेततळ्यातली. बाय ती निमूटपणे खाते आणि ताट स्वतः घासून ठेवते, पाहुण्या बाईने ठेवावे तसे. मला हवे होते ते इतक्या वर्षांनी झाले आहे, बहीण माझ्या घरी आहे, आणि ते मला बघवत नाही. काल पहाटे मला जाग आली तर ती अंथरुणावर बसलेली. मी विचारले, झोप येत नाही का, माझा राग आलाय का. ती म्हणाली, "तुजा राग नाय रं. पन आता सकालची उठून मी करू काय?"

या प्रश्नाचा दर मला पाडता येत नाही. म्हणून हे लिहिले. मला भरपाई नको, बागही नको, कारंजे तर नकोच. ज्याने ती पिंपे आणली त्याने, आणि ज्या कार्यालयाने तक्रार काय आहे असे विचारले त्यातल्या कुणीतरी एकाने, माझ्या घरी यावे. माझ्याशी बोलायची गरज नाही. मी ओरडतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे, मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसेन. त्यांनी तिच्यासमोर बसावे आणि तिने जे मला विचारले त्याचे उत्तर तिला तोंडावर द्यावे. वेळ त्यांच्या सोयीची. बाय आता दिवसभर घरीच असते.